न धरलेलं सुतक

कालिंदीवहिनींचं माहेर काशीतल्या मंगळागौरी मोहल्ल्यात आणि सासर आमचं, दूधविनायकाला. चालत आठ मिनिटं. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांचं दुसरं गाणं संपायच्या आत नवरी दारात पोचली, तेव्हा त्यांचा म्होरक्या रागावून म्हणाला होता, "पंडितजी, इतने में तो हमारा बाजा भी नहीं गरमाता." मी, श्रीराम, तेव्हा वीस वर्षांचा होतो. वेणीमाधव माझा थोरला भाऊ, त्याची ही बायको. मी लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवलं आणि त्याच घरात राहिलो. म्हणजे वहिनींना मी पन्नास वर्षं रोज पाहिलं आहे, आणि तरी नक्की म्हणून सांगता येईल असं माझ्याजवळ फार थोडं आहे. जे आहे ते लिहितो.

दादाकडे महाराष्ट्रातून यात्रेकरू येत. कोणी आईचं करायला, कोणी वडिलांचं. घाटावरचे विधी दादा करी आणि श्राद्धाचा स्वयंपाक घरी वहिनी करीत. भरड्याचे वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी, कारल्याची भाजी. सोवळं नेसून त्या सकाळी चुलीपाशी बसल्या की दुपारी पानं उठेपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. पण त्या सोवळ्यात हसत असत. मी चुकून उंबऱ्याच्या आत पाय टाकला तर उलथनं उगारून म्हणत, "भावजी, एक वजा करा!" मी पाय मागे घेई. लग्नानंतर बारा वर्षांनी त्यांना एक मुलगी झाली, मालविका. ती लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली.

१९९४ च्या गणपतीत वहिनींना ताप येऊ लागला. गौरी जेवल्याशिवाय त्या आडव्या होईनात. "अंग जरा कसकसतंय, बाकी तबियत ठीक आहे," एवढंच म्हणत. अनंत चतुर्दशीला पोटात कळ आली आणि त्या चुलीपाशीच पडल्या. टायफॉइडने आतड्याला भोक पडलं होतं आणि विष रक्तात गेलं होतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की फार आशा धरू नका.

एकच दिवस गेला आणि पितृपक्ष लागला. दादाकडे त्या पंधरवड्यात चाळीस कुटुंबं ठरलेली होती. माणसं पुण्याहून, साताऱ्याहून गाडीत बसलेली होती. कोणाला काय कळवणार? मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. मग दादा घाटावर गेला आणि इस्पितळात मी बसलो.

तेवीस दिवस वहिनी तिथे होत्या. पहिले बारा-तेरा दिवस शुद्ध नव्हती असं कागदावर लिहिलं आहे, पण डोळे उघडे असत. त्या नळ्या ओढून काढत, म्हणून त्यांचे हात खाटेच्या दांड्यांना पट्टीने बांधले होते. सारखं काहीतरी बोलत. शेजारच्या खाटेवरची बाई एका दुपारी गेली, तिला नेलं, तासाभरात तिथे दुसरी आली. मी स्टुलावर बसून खिडकीबाहेर बघत असे. आजारी माणसाशी काय बोलावं हे मला कधीच समजलेलं नाही.

त्या वाचल्या. घरी आणलं तेव्हा वजन एखाद्या शाळकरी मुलीएवढं होतं. रामघाटापासूनच्या बायका बघायला आल्या. सगळ्या म्हणाल्या, विश्वेश्वराची कृपा, आता काळजी नाही. आम्हालाही तसंच वाटलं. दिवाळीनंतर वहिनी पुन्हा चुलीपाशी बसू लागल्या.

त्यानंतर त्यांचं सोवळं वाढत गेलं. आधी नळाचं पाणी बंद झालं, स्वयंपाकाला गंगेचंच पाहिजे. मग ती घागर कोणी आणली, वाटेत कोणाचा धक्का लागला का, याची चौकशी. मग हात. नळाची तोटी धुवायची, मग हात धुवायचे, मग धुतलेल्या हाताने तोटी बंद करायची. पण ती तोटी मघाशी न धुतलेल्या हाताने धरली होती, म्हणून पुन्हा तोटी. मी गणिताचा माणूस, मला दिसत होतं की हे संपणारं नाही. तरी मी गप्प राहिलो. सोवळ्यात पुरुषाने काय बोलायचं? शिजलेला भात त्या टाकून देत. कोणी दारातून शिंकलं, टाकून देत. थंडीच्या दिवसांत बाराला वाढायची पानं तीनला वाढली जात आणि यात्रेकरू भुकेने कळवळत, पण त्यांच्या बायका जाताना वहिनींना वाकून नमस्कार करीत. रामघाटावरचे बिंदुमाधवशास्त्री धर्मशास्त्राचे जाणते. ते चारचौघांत म्हणाले, "सोवळं बघायचं असेल तर वेणीमाधवाच्या घरी जा. असं आता काशीत उरलं नाही."

दादा दोन दिवस ते सांगत फिरला. मीसुद्धा मनात सुखावलो.

पहिल्यांदा बोलली ती गंगा. आमच्याकडे भांडी घासायला येई ती, तोंडाची फटकळ. एक दिवस मला जिन्यात गाठून म्हणाली, "मास्टर साहब, पंडिताइन का हाथ देखे हैं?"

"क्यों, क्या हुआ?"

"देखिए तो सही. पढ़े-लिखे आदमी हैं. एक कटोरी हमसे पाँच बेर मँजवाती हैं, फिर अपने माँजती हैं. ई पूजा-पाठ नहीं है, ई रोग है. हमारी माँजी हुई कटोरी से किसी का परलोक नहीं बिगड़ा आज तक."

मी पाहिलं. वहिनी भाजी चिरत होत्या. बोटं पांढरी पडलेली, सुजलेली, पेरापेराला भेगा, आणि भेगांत रक्त. मी पाहतोय हे बघून त्यांनी हात पदराखाली घेतले.

चैत्रात मालविकाचं पत्र आलं. तिला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात ती माहेरी येणार होती, बाळंतपणाला. दादाने पत्र मोठ्याने वाचलं, पेढे आणतो म्हणून उठला. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिला येऊ नको म्हणून लिहा."

"म्हणजे? अगं, पहिलं बाळंतपण!"

"सासरी करू दे. चांगली माणसं आहेत ती." आणि आत गेल्या. दादा चप्पल पायात घालून तसाच उभा राहिला.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेलो. का गेलो, धैर्य कुठून आलं, ठाऊक नाही. विचारलं, "वहिनी, काय झालंय?"

"तुम्हाला ठाऊक आहे, भावजी."

"मला काही ठाऊक नाही."

"तुम्हीच तर होतात तिथे." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "मी तिथे गेले होते. मेले होते मी. हात बांधले होते माझे. तुम्हाला मी विचारलं, भावजी, मी गेले का हो? तुम्ही मान खाली घातलीत. मग पाणी आणायला उठलात. पाणी कशाला आणतात, ते काय मला कळत नाही?"

हे खरं होतं. त्यांनी तसं विचारलं होतं. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघत होते, मला संकोच झाला, आणि काहीतरी करायचं म्हणून मी तांब्या घेऊन बाहेर गेलो होतो. त्या भ्रमात बोलताहेत, त्यांना काय कळणार, असं मला वाटलं होतं. "नाही वहिनी, तुम्ही आहात" एवढे चार शब्द मला म्हणता आले नाहीत.

"माणूस मेलं की दहा दिवस सुतक," त्या म्हणाल्या. "माझं कोणी धरलं? मी तशीच उठून घरात आले. चुलीला शिवले, देवांना शिवले, यजमानांच्या पितरांचं अन्न रांधलं. कितीही धुतलं तरी ते जात नाही, भावजी, कारण दिवस मोजायचे कुठून तेच कोणाला ठाऊक नाही. आता त्या पोरीच्या पोटातल्याला शिवू मी?"

मी दादाला सगळं सांगितलं, माझं मान खाली घालणंसुद्धा. तो उठून पोथ्यांच्या कपाटाकडे गेला. त्याचं सगळं आयुष्य तिथेच गेलेलं, तो आणखी कुठे जाणार?

एखादा माणूस मेला असं समजून त्याची क्रिया केली आणि तो जिवंत परत आला, तर त्याला पुन्हा घरात घेण्याचा विधी आहे. त्याला तुपाने माखून स्नान घालायचं, नव्याने जन्मल्यासारखे जन्माचे संस्कार करायचे, नाव ठेवायचं, आणि त्याच जोडीदाराशी पुन्हा लग्न लावायचं. दादाने ते शोधून काढलं आणि बिंदुमाधवशास्त्रींकडे गेला. मी बरोबर होतो.

"अरे, वेडा की काय तू?" शास्त्री म्हणाले. "तो विधी ज्याची क्रिया झाली त्याच्यासाठी. इथे मडकं कोणी फोडलं? पिंड कोणी दिला? जे झालंच नाही त्याचं निवारण कसलं करतोस?"

"शास्त्रीबुवा, तिला पटेल. तिला एवढंच पटतं."

"आणि उद्या दुसरं काही पटलं तर?"

"उद्याचं उद्या. मुलगी यायची आहे माझी."

शास्त्री पुटपुटत राहिले, पण ज्येष्ठातल्या त्या सकाळी आले. गच्चीवर चार-पाच माणसं होतो. वहिनींना तूप लावून गंगेच्या पाण्याने न्हाऊ घातलं, जिभेवर मधाचं बोट लावलं. दादाने त्यांच्या कानात नाव सांगितलं, तेच, कालिंदी. मग मंगळसूत्र बांधलं. साठीतल्या दादाला मागची गाठ दिसेना, तो चाचपडत राहिला आणि वहिनी चक्क लाजल्या. गंगा जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. "लो, बुढ़ऊ का दूसरा ब्याह," ती म्हणाली, "उहो ओही मेहरारू से!" तेही त्याच बायकोशी, यावर सगळे हसले. वहिनीसुद्धा.

तीन आठवडे घरात पूर्वीसारखं झालं. वहिनी वेळेवर जेवत, हातांच्या भेगा भरू लागल्या. मालविकाला ये म्हणून पत्र गेलं. बाळंतविड्याला जुनी मऊ लुगडी काढून वहिनी दुपटी शिवायला बसल्या.

मग एका दुपारी आम्ही दोघे भाऊ जेवत होतो, आणि त्या वाढता वाढता थांबल्या.

"अहो, एक विचारू? मी मेले नसते तर तुम्ही तो विधी केला असतात का?"

दादाच्या हातातला घास हातातच राहिला.

"शास्त्रीबुवांसारखा माणूस उगाच आला असता का? म्हणजे मेले होते हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला एकटीला वेडं पाडत होतात." मग त्या पळीकडे बघत हिशेब जुळवल्यासारखं सावकाश बोलल्या. "आणि मी गेले असेन तर तेव्हा तुम्हालाही सुतक होतं. सुतकात तुम्ही चाळीस जणांची श्राद्धं केलीत. त्यातलं एकही पोचलं नाही. अहो, त्या लोकांना कळवायला हवं!"

"अगं, जेवू दे आता," दादा म्हणाला, पण तो जेवला नाही.

चार दिवसांनी वहिनींनी मला तेरा पोस्टकार्डं दिली, पेटीत टाकायला. दादाच्या वहीतून पत्ते उतरवले होते. अक्षर त्यांचं, गोल, चौथीतल्या मुलीसारखं. 'आपल्या वडिलांचं गेल्या वर्षीचं श्राद्ध आमच्या चुकीमुळे झालेलं नाही. कृपा करून पुन्हा करावे. अपराधाची क्षमा असावी.' बाकीची सत्तावीस नंतर देते, म्हणाल्या.

ती मी पेटीत टाकली नाहीत. खिशात घालून पंचगंगा घाटापर्यंत गेलो, परत आलो, रामघाटाच्या पायऱ्या उतरलो, पुन्हा चढलो. पेटीसमोरून तीनदा गेलो. टाकली असती तर दादाचं नाव गेलं असतं आणि घरही बसलं असतं. नाही टाकली म्हणजे वहिनींशी खोटं बोलायचं, आणि एकदा गप्प राहून मी काय करून बसलो होतो ते मला कळलं होतं. उन्हात डोकं तापलं. शेवटी घाटावरच दादाला गाठलं आणि कार्डं त्याच्या हातात दिली. त्याने एक वाचलं आणि छत्रीखालच्या फळीवर बसला.

"श्रीराम," तो म्हणाला, "एक क्षण मला वाटलं, ती म्हणते ते खरं आहे."

"दादा!"

"एक क्षणच. पण वाटलं. तिचं तर्कशास्त्र चुकत नाही रे कुठे. फक्त सुरुवात चुकली आहे." त्याने कार्डं माझ्याकडे परत दिली. "आता पोथी नको. डॉक्टर बघ."

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी सिगऱ्याकडच्या एका मानसोपचारवाल्यांचं नाव दिलं, डॉक्टर नीलकंठ मिश्र. मी घरी येऊन आधी वहिनींना सांगितलं की कार्डं टाकलेली नाहीत. त्या आत जाऊन हात धुऊ लागल्या. मग म्हटलं, उद्या एका डॉक्टरांकडे जायचं आहे.

"कसले डॉक्टर?"

"डोक्याचे."

"म्हणजे वेड्यांचे."

"हो, वेडेपण येतात त्यांच्याकडे."

"आणि आपण कोण?"

"आपण टायफॉइडवाले," मी म्हटलं. कसं सुचलं कोण जाणे. वहिनींना हसू आलं. त्या तयार झाल्या.

दवाखान्यातल्या खुर्चीवर त्या बसेनात. किती लोक बसले असतील तिच्यावर! "बैठिए माताजी," डॉक्टर दोनदा म्हणाले, मग स्वतःच उठून उभे राहिले. पाऊण तास ती दोघं उभी राहून बोलली. मी एकटा बसलो होतो आणि मला फार ओशाळल्यासारखं होत होतं.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अस्पताल में आपने क्या-क्या देखा?" दहा महिन्यांत हे वहिनींना कोणी विचारलं नव्हतं. त्या आधी थांबल्या, मग हिंदीत बोलू लागल्या, आणि बोलतच राहिल्या. बांधलेले हात. भिंतीवरून उतरणाऱ्या मुंग्या. शेजारची बाई मेली तिचं पांघरूण आपल्यावर घातलं. खाटेच्या पायथ्याशी दादा बसून आपल्याच नावाने तर्पण करतोय आणि कुठेतरी वडे तळल्याचा वास येतोय. मी त्याच खोलीत स्टुलावर होतो, आणि यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं.

नंतर बाहेर थांबलेल्या दादाला आत बोलावून डॉक्टरांनी आम्हा दोघांना समजावलं. इतका मोठा संसर्ग झाला, विष रक्तात भिनलं, की मेंदूही त्यात भाजून निघतो. ताप उतरतो, टाके भरतात, घरचे म्हणतात बरं झालं. पण त्यानंतर कित्येकांना झोप लागत नाही, कोणाला सतत भीती वाटते, कोणी आतून विझल्यासारखं होतं, आणि कोणाच्या मनात एखादी शंका रुतून बसते. तिथे पाहिलेलं त्यांना स्वप्नासारखं पुसट आठवत नाही, घडल्यासारखं आठवतं. "आपके यहाँ दिक़्क़त यह हुई," ते म्हणाले, "कि इनकी बीमारी को आप लोग प्रणाम करते रहे."

दादाने मान खाली घातली.

गोळ्या दिल्या. धुण्याचं रोज थोडं कमी करायचं, आणि धुतलं नाही की जी तगमग होईल ती बसून सोसायची, ती आपोआप ओसरते, असं सांगितलं. आम्हाला मात्र कडक नियम घातला. त्यांनी विचारलं तर खरं ते एकदा सांगा. तेच दहा वेळा विचारलं तर दहा वेळा सांगू नका. दादाला हे फार जड गेलं. "अहो, मी शुद्ध आहे ना?" त्या पुन्हा विचारीत आणि तो पंचा खांद्यावर टाकून गच्चीवर निघून जाई. वरून त्याच्या येरझाऱ्यांचा आवाज येई.

गोळ्या वहिनींनी शेवटपर्यंत घेतल्या, चौदा वर्षं. श्राद्धाचा स्वयंपाक पुन्हा कधी केला नाही. त्या वर्षीच्या पितृपक्षात दादाने दुसरीकडे जेवणाची सोय लावली. लोक काय म्हणाले ते लिहीत नाही.

श्रावणात मालविका आली. आईचे हात पाहून तिने मला कोपऱ्यात घेतलं. "काका, मला कोणी काही कळवलं का नाही?" मी सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे, नातवंडाचं तोंड बघितलं की सगळं निघून जाईल." मीही तसंच धरून बसलो होतो.

कोजागरीनंतर दोन दिवसांनी मुलगी झाली. इरावती नाव ठेवलं. वहिनींनी डिंकाचे लाडू केले, खिरी केल्या, धुरी केली, रोज शेगडी पेटवली. पण मुलीपासून तीन हात लांब राहिल्या. तेल लावून न्हाऊ घालायची ती गंगा. वहिनी दारातून सांगत, "मान धर. अगं, मान धर तिची!"

"अरे तो आइए न पंडिताइन, खुद पकड़िए," गंगा म्हणे. "बच्ची आपकी, गर्दन हम पकड़ें?"

डॉक्टरांनी पायऱ्या आखून दिल्या होत्या. पहिला आठवडा नुसतं दुपटं हातात घ्यायचं. मग मुलीला गुंडाळलेलं दुपटं वरून शिवायचं. मग पाऊल. डिसेंबरात एका सकाळी वहिनींनी दोन बोटं तिच्या तळपायाला लावली आणि मागे घेतली. मग दुपारपर्यंत त्या घरभर फिरत होत्या, हात अंगापासून लांब धरून, न धुता. कपाळावर थंडीतही घाम. माझ्या दृष्टीने तो मोठा पराक्रम होता. मालविकाला ते दिसलं नाही. तिला दिसलं एवढंच की आई आपल्या मुलीला घेत नाही.

"आई, ती काय विंचू आहे का?"

"ती नाही गं. मी आहे."

"बस हो गया अब! प्लीज! अडीच महिने झाले. लोक विचारतात, नानी कुठे आहे. मी काय सांगू?" ती रडली, मग चिडून म्हणाली, "पुढच्या वेळी मी येणारच नाही. हिलाही आणणार नाही. तुला त्रासच होतो ना?"

मुलगी गेली की परत येणार नाही, हे वहिनींना त्या क्षणी पूर्ण पटलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

संक्रांत झाली आणि जावई देवव्रत न्यायला आला. गाडी संध्याकाळी पाचची, कँट स्टेशनहून. वहिनी स्टेशनवर येते म्हणाल्या. वर्षभरात त्या गल्लीबाहेर पडल्या त्या फक्त डॉक्टरांकडे. दादा म्हणाला, "तिथे गर्दी असेल." त्या म्हणाल्या, "असू दे."

धुकं असं होतं की फलाटावरून पलीकडचा फलाट दिसत नव्हता. गाडी एक तास उशिरा, मग दोन. ओली फरशी, थुंकलेलं पान, केळ्याच्या साली, पोत्यांवर झोपलेली माणसं, एक कुत्रं आमच्या वळकटीचा वास घेऊन गेलं. वहिनी मध्ये उभ्या होत्या, शाल घट्ट ओढून, कशालाही न टेकता. इरावती रडू लागली. मालविकाने तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, चालली, थोपटलं. देवव्रत चहा बघायला गेला होता. मुलगी थांबेना. मालविकाचे हात भरून आले होते, आणि ती कोणाकडे बघत नव्हती.

"दे इकडे," वहिनी म्हणाल्या.

मालविकाला आधी कळलंच नाही. "काय?"

"तिला दे."

"इथे? आई, इथे सगळीकडे घाण आहे."

"म्हणून तर. घरी देव आहेत, चूल आहे. इथे सगळं आधीच ओवळं आहे. इथे मी आणखी काय बिघडवणार?"

हे डॉक्टरांच्या पायऱ्यांत कुठे बसत होतं, ठाऊक नाही. मालविकाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने मुलगी आईच्या हातात दिली, आणि देऊनही आपले हात खाली धरून ठेवले. वहिनी मालविकाच्या ट्रंकेवर बसल्या, त्या फलाटावरच्या ट्रंकेवर, आणि मुलीला मांडीवर आडवी घेतली. ती आणखी जोरात रडली. वहिनींनी पदराने तिचं नाक पुसलं. मांडी हलवू लागल्या. मालविकाने हात बाजूला घेतले.

थोड्या वेळाने मुलगी नुसतीच हुंदके देत राहिली. वहिनी तिच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. "बघ, ती तुझी आई. रागावली आहे. ते मास्टरआजोबा, ते फार बोलत नाहीत. आणि ते तुझे खरे आजोबा, त्यांनी माझ्याशी दोनदा लग्न केलंय." दादा रुळांच्या दिशेने तोंड करून उभा राहिला. तिकडे धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"आई, हात दुखतील, दे," मालविका मध्ये एकदा म्हणाली.

"राहू दे."

गाडी आठला आली. तीन तास होऊन गेले होते. मालविका डब्यात चढली, मुलीला घेतलं, खिडकीशी बसली. गाडी हलताना तिने खिडकीतून हात बाहेर काढून वहिनींचं बोट धरलं, ते भेगाळलेलं, आणि दोन पावलं वहिनी गाडीबरोबर चालल्या.

घरी आल्यावर त्या नळाखाली तासभर होत्या. पाण्याचा आवाज आम्ही दोघे ऐकत होतो. दादा उठला, पुन्हा बसला. मी काही बोललो नाही, आणि या वेळी गप्प राहणं बरोबर होतं की चूक, ते मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्तमानपत्र वाचत होतो. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, ग्वाल्हेरची गाडी तिकडून इकडे कधी येते?"

"रोज सकाळी येते. का?"

"आणि इकडून जाते ती संध्याकाळची, कालची?"

"हो, तीच."

फलाटावर इरावतीला मांडीवर घेऊन बसता येतील तेवढे तास त्या बोटांवर मोजू लागल्या.

"तिला रोज उशीर होतो का?"